विकांतात कळसूबाई आणि साल्हेर: डिसेंबरात दोन्ही जमतील का?

चढउतार

नमस्कार मंडळी,

पुण्यातले आम्ही चौघे. डिसेंबरच्या तिसऱ्या विकांताला कळसूबाई (१६४६ मीटर) आणि साल्हेर (१५६७ मीटर) एका दमात करायचा बेत आहे. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर शनिवारी, सगळ्यात उंच किल्ला रविवारी. कागदावर असं दिसतंय:

शुक्रवारी रात्री नऊला पुणे सोडायचं. नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर करत दीड-दोनला कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव. तीनला चढायला सुरुवात, सूर्योदय वर. दहा-साडेदहाला खाली. जेवून लगेच घोटी, नाशिक, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर आणि संध्याकाळपर्यंत साल्हेरवाडी. रात्री गावातच पथारी. रविवारी उजाडता उजाडता साल्हेर, दुपारी दोनपर्यंत खाली, रात्री अकराला पुणे. सोमवारी नऊची मीटिंग आहे, पण तिथे कॅमेरा बंद ठेवायची सोय आहे.

जाणकारांनी सांगावं: वर थंडी कितपत असते, साल्हेरला साल्हेरवाडीतून चढावं की वाघांब्यातून, आणि पाणी वर मिळतं का. चौघांपैकी एकाचा हा पहिलाच हिवाळी ट्रेक आहे. बाकीचे राजगड-तोरणा केलेले, फिटनेस बरा.

गोदाकाठी

जमेल का म्हणाल तर जमेल. करावं का म्हणाल तर नको.

हिशेब मांडतो. पुणे-बारी पावणेदोनशे किलोमीटर. बारी-साल्हेरवाडी दोनशेच्या थोडं वर, पण हे दोनशे सगळीकडे सारखे नाहीत. घोटीपर्यंत साधा रस्ता, घोटी ते नाशिक हायवे, मग शनिवारी दुपारी नाशिकमधून बाहेर पडण्यातच पाऊण तास जातो. सटाण्यापर्यंत ठीक, ताहाराबाद सोडलं की पुन्हा अरुंद. जेवण धरून सहा तास. तिथून पुणे साडेतीनशे आणि रविवारी संध्याकाळचं नारायणगाव, मंचर, चाकण काय असतं ते पुणेकराला मी काय सांगू. एकूण सव्वासातशे किलोमीटर गाडी, आणि दोन्ही डोंगर मिळून दीड हजार मीटरच्या वर चढ, तेवढाच उतार.

तुमच्या बेतात डोंगर दोन आहेत, गाडी आहे, जेवण आहे. झोप कुठे आहे?

दुसरं म्हणजे दिवस. डिसेंबरच्या उत्तरार्धात आमच्याकडे सात वाजून गेल्यावर सूर्य दिसतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो. मे महिन्याच्या तुलनेत दोन तास गेलेच. साल्हेर दुपारी दोनपर्यंत उतरलात तर ठीक, पण तिथला पसारा बघता दोनचे चार कधी होतात कळत नाही.

खडूस

झोप सोमवारी नऊ वाजता. कॅमेरा बंद आहे ना.

चढउतार

@गोदाकाठी, गाडी चालवणारे दोघे आहोत. आळीपाळीने चालवू, एक झोपेल.

गोदाकाठी

दोघेही तोच डोंगर चढून आलेले असणार ना? पाळी बदलली म्हणून दमलेला माणूस ताजा होत नाही. पाचवा माणूस घ्या, जो चढणार नाही, दिवसभर बारीत झोपेल आणि फक्त गाडी चालवेल. घोटी-भंडारदरा भागात ठरलेली जीप मिळते, तीही चालेल.

राजूरकर

मी इकडचाच, त्यामुळे रस्त्याचं थोडं बोलतो. डोंगराचं बाकीचे सांगतीलच.

संगमनेर-अकोले पट्ट्यात डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा भर. रात्री एक-दीडच्या सुमारास ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही. असला तर चिखलाने माखलेला. ट्रॅक्टरवाल्याने टेप मोठ्याने लावलेला असतो, त्याला तुमचा हॉर्न ऐकू जात नाही. त्यात प्रवरेच्या काठाने पहाटे धुकं धरतं. शंभर मीटरवरची ट्रॉली तीस मीटरवर दिसते. गाडीतले तिघे झोपलेले आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यावर झापड असेल, तर बाकी मी लिहीत नाही.

आणखी एक. वाटेत लघवीला थांबाल तर ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर थांबा. उसाच्या कडेला, त्यातही खाली बसणं तर नकोच. जुन्नरपासून अकोल्यापर्यंत बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिलं घालतो. हसण्यावारी नेऊ नका.

आता गर्दी. मुंबई-पुण्याचे मोठे ग्रुप शनिवारी रात्री निघतात, त्यामुळे रविवारची पहाट म्हणजे कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रांग. एकेका शिडीखाली अर्धा-अर्धा तास माणसं कुडकुडत उभी. शनिवारची पहाट त्या मानाने बरी. तुमच्या बेतातली ही एक गोष्ट बरोबर आहे. प्रजासत्ताक दिन सोमवारी-शुक्रवारी आला की मात्र कुठलीच पहाट बरी नाही.

बारीत पहाटे तीनलाही चहा मिळतो. अभयारण्याचा परिसर आहे, प्रवेशशुल्क द्यावं लागतं, सुटे पैसे ठेवा. तंबू लावून राहायचं असेल तर वनखात्याला आधी विचारा, नियम बदलत असतात.

सावळी

@चढउतार, कपड्यांबद्दल लिहिते, कारण पहिल्यांदा हिवाळ्यात जाणारा माणूस हमखास जाड जॅकेट घेतो आणि आत सुती टी-शर्ट घालतो. बारीतून निघालात की पहिल्या पंधरा मिनिटांत घाम. पहिल्या शिडीपर्यंत पाठ चिंब. वर पोचलात, थांबलात, वारा लागला, की तोच टी-शर्ट अंगाला बर्फासारखा चिकटतो. जॅकेट मग कितीही जाड असो. चढताना अंगात एकच पातळ, लवकर वाळणारा कपडा. थोडं गारठतच निघायचं. पाठीवरच्या पिशवीत कोरडा बदली टी-शर्ट आणि कानटोपी. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहिरीपाशी सपाटी आहे, तिथे आडोशाला कपडे बदला आणि मगच वर जा. माथ्यावर आडोसा असा नाहीच, देवळाचा जेवढा मिळेल तेवढा.

हातमोजे. हे कोणी सांगत नाही. पहाटे पाचला त्या लोखंडी शिड्यांचे कठडे इतके गार असतात की उघड्या हाताने धरवत नाहीत. आणि लोकरीचे मोजे घातले तर दवाने ओल्या लोखंडावरून हात सटकतो. हार्डवेअरच्या दुकानात तळव्याला रबर लावलेले कामगारांचे हातमोजे मिळतात, ते आणा. महागड्या दुकानात जायची गरज नाही.

पाण्याचं: थंडीत तहान लागत नाही म्हणून माणूस पीत नाही आणि उतरताना मांडीत गोळे येतात. दर अर्ध्या तासाला दोन घोट, तहान असो नसो. माणशी तीन लिटर घ्या.

बायका बरोबर असतील तर वेगळा सल्ला देईन, तुम्ही चौघे म्हणजे कोण ते लिहिलं नाहीत.

चढउतार

@सावळी ताई, आभार. दोघे आणि दोघी. हातमोज्यांचं डोक्यातच आलं नव्हतं.

सावळी

मग राजूरकरांनी उसाबद्दल सांगितलंय ते दोघींनी दोनदा वाचा, आणि वाटेतला थांबा आधी ठरवून ठेवा. आळेफाट्याला चोवीस तास चालू असणारी हॉटेलं आहेत. चढताना अंधार असतो तोवर अडचण नाही, पण सात वाजता कळसूबाईवर उजाडलं की ना झाड ना झुडूप, आणि वर दोनशे माणसं. बारीतच सगळं उरकून निघायचं. पाळीची तारीख जवळ असेल तर वापरलेलं सगळं बांधून खाली आणायच्या पिशव्या घ्या.

ढगफुटी

थंडी कितपत हा प्रश्न बाजूलाच पडला, म्हणून लिहितो.

सगळे समजतात की उंच गेलं की गार. दिवसा ते खरं आहे, हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांचा फरक. पण डिसेंबरातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटं होतं. जमीन उष्णता आकाशाकडे फेकते, जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड म्हणून उतारावरून ओघळत खोऱ्यात जाऊन साचते. म्हणून दरवर्षी बातम्यांत निफाड असतं. निफाड काही डोंगरावर नाही, गोदावरीच्या खोऱ्यातलं सपाट, द्राक्षांचं गाव. पारा पाच-सहावर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. महाबळेश्वरलाही तेच. गावात आठ-दहा अंश असतात तेव्हा वेण्णा तलावाच्या काठावर गवतावरचं दव गोठलेलं असतं.

म्हणजे वारा नसेल तर भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तंबूत झोपलेला माणूस कळसूबाईच्या देवळापाशी बसलेल्यापेक्षा जास्त कुडकुडतो. वारा असेल तर मात्र वरचा माणूस हरला. तापमानाचा आकडा बघू नका, वाऱ्याचा वेग बघा. उत्तरेकडून थंडीची लाट येत असते त्या दोन-तीन दिवसांत वारा असतो, लाट स्थिरावली की वारा पडतो आणि रात्री जास्त गार पण सुसह्य होतात.

आणि डिसेंबरात आकाश ढगाळ झालं, रात्री उबदार वाटायला लागल्या, तर खूश होऊ नका. पश्चिमी विक्षोभ किंवा बंगालच्या उपसागरातलं काहीतरी असतं. अशा वेळी नाशिक पट्ट्यात अवकाळी, कधी गारपीट. ओल्या शिड्या आणि वीज हे दोन्ही एका डोंगरावर नकोत. आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचा अंदाज बघत राहा.

खडूस

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली. म्हणजे थंडी हवी असेल तर निफाडला जाऊन झोपायचं, चढायची कटकट नाही.

बागलाणी

साल्हेर आमच्या अंगणातला, त्यामुळे तुमचा बेत वाचून जरा रागच आला. साल्हेर हा कुठल्यातरी दुसऱ्या डोंगराच्या शेपटीला बांधून उरकायचा किल्ला नाही.

वाट आधी. साल्हेरवाडीकडून सरळ, दरवाज्यांच्या मालिकेतून वर. वाघांब्याकडून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत यायचं आणि तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी चढायचं. ही वाट जास्त देखणी. दरवाजे संपले की कड्याच्या पोटातून आडवी वाट आहे, एका अंगाला गुहांची रांग आणि दरीकडे सालोट्याचा सुळक्यासारखा निमुळता माथा. सोबत नवखा माणूस असेल तर साल्हेरवाडीतून चढा, उतरा मात्र वाघांब्याकडे, आणि गाडी फिरवून आणायला कोणी असेल तरच. दोन्ही गावांत वाटाड्या मिळतो, घ्या. पोरांना दिवसाची मजुरी मिळते आणि तुम्हाला टाकी सापडतात.

वर पठारावर गंगासागर तलाव, रेणुकादेवीचं देऊळ, राहण्याजोग्या गुहा. डिसेंबरात पाणी भरपूर, पण गाळून-उकळून प्या. पठारावरून परशुरामाच्या देवळापर्यंत आणखी एक चढ आहे, तोच १५६७ मीटरचा माथा. पठारावर पोचल्यावर माणसं किल्ला झाला म्हणून बसतात आणि मग त्या शेवटच्या टेकाडाकडे बघून कंटाळतात. तिथे जा. परशुरामाने इथून बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण झाला असं आमच्याकडे सांगतात. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटून हवा स्वच्छ झाली की मुल्हेर, मोरा, हरगड एका बाजूला, मांगी-तुंगीचे जोडसुळके दुसऱ्या बाजूला, आणि पश्चिमेला गुजरातेतलं डांगचं जंगल थेट दिसतं. दुपारी हेच सगळं धुरकट होतं.

आणि १६७२ सालची लढाई. मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात समोरासमोर हरवलं ते इथे. प्रतापराव गुजर एका बाजूने, मोरोपंत पिंगळे दुसऱ्या बाजूने. इखलासखान पकडला गेला. सूर्याजी काकडे इथेच पडले. वाडीकडच्या पायथ्याला उभं राहिलं की ती मोकळी जमीन समोर असते, कुठून कोण आलं असेल याचा अंदाज बांधत अर्धा तास सहज जातो. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत साल्हेर आहे. दुपारी दोनला घड्याळ बघत उतरायचं असेल तर कशाला येता?

चढउतार

@बागलाणी, राग मान्य. पण नोकरीवाल्याला विकांतच मिळतो हो. पुन्हा यायला जमेलच असं नसतं, म्हणून एका फेरीत दोन.

बागलाणी

साल्हेर १६७२ पासून तिथेच आहे, त्याच्या आधीपासूनही होता. पुढच्या डिसेंबरातही सापडेल. वेगळा विकांत काढा. शुक्रवारी रात्री पुणे-नाशिक बसमध्ये झोपा, पहाटे नाशिकहून जीप करा, शनिवारी दुपारी चढून गुहेत मुक्काम, रविवारी सकाळी माथा आणि सालोटा. मग मी स्वतः येतो तुमच्याबरोबर.

क्लाइडकाठ

मी ग्लासगोला असतो. विकांत आणि हिवाळा हे दोन शब्द एकत्र वाचले म्हणून डोकावलो. तुमच्याकडची चर्चा वाचून हेवा वाटला.

इथे सगळ्यांचा डोळा बेन नेव्हिसवर. ब्रिटनमधलं सर्वात उंच शिखर, उंची १३४५ मीटर. म्हणजे कळसूबाई तीनशे मीटरने उंच. पण डिसेंबरात पायथ्याच्या फोर्ट विल्यमला पावणेनऊ-नवाच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारला अंधार. तुमच्या अकरा तासांच्या जागी इथे सात तासही नाहीत. चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, त्यामुळे १३४५ च्या १३४५ मीटर पायांनीच चढायचे. अर्धी वाट अंधारात होणार हे धरूनच लोक निघतात. बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे अणकुचीदार दाते) आणि हातात बर्फाची कुऱ्हाड नसेल तर वरच्या टप्प्यात जायचंच नाही. आणि वापरता येत नसेल तर नुसती असून उपयोग नाही. घसरल्यावर कुऱ्हाड रोवून थांबायचं कसं हे आधी कमी उतारावर शिकवतात, पन्नास वेळा पाडून घेतात.

खरी भीती माथ्यावर. माथा सपाट, बर्फही पांढरा, ढगही पांढरा. समोर पाऊल टाकायची जमीन आहे की कड्याच्या टोकावर साचलेलं बर्फाचं छज्जं आहे हे कळत नाही. म्हणून इथल्या प्रत्येकाला दोन आकडे पाठ असतात. माथ्यावरच्या खांबापासून २३१ अंशांवर दीडशे मीटर, मग २८२ अंशांवर वळून उताराला लागायचं. पहिला आकडा चुकला तर एका बाजूची घळ, दुसरा चुकला तर दुसऱ्या बाजूची. दीडशे मीटर म्हणजे आपली किती पावलं, हेही प्रत्येकाने खाली सपाटीवर मोजून ठेवायचं. दोघांतला एक कंपास धरतो, दुसरा पावलं मोजतो, आणि कोणी मध्ये बोलत नाही.

हे लिहायचं कारण, तुमच्या बेतात 'मागे फिरायची वेळ' कुठेच नाही. इथे निघतानाच ठरलेलं असतं: बारा वाजता जिथे असू तिथून परत. शिखर वीस मिनिटांवर असलं तरी.

खडूस

पन्नास वेळा पाडून घेतात, पैसे पण तुमच्याकडूनच घेत असतील. हलकं घ्या.

आजोबाडोंगर

@क्लाइडकाठ यांच्या शेवटच्या ओळीला +१. आमच्याकडे मागे फिरणं म्हणजे नाक कापलं गेल्यासारखं वाटतं लोकांना.

@चढउतार, उंचीचाच सोस असेल तर दुसरा पर्याय देतो. कळसूबाई आणि घनचक्कर. घनचक्कर १५३२ मीटर, राज्यातल्या पहिल्या चारांत धरायला हरकत नाही. (उंचीचे आकडे नकाशागणिक दोन-चार मीटरने हलतात, त्यावरून इथे भांडण नको, मागच्या धाग्याचं काय झालं ते आठवा.) बारीतून उतरलात की शिरपुंजे गाव त्याच अकोले तालुक्यात, गाडीने तास-दीड तास. शनिवारी दुपारी शिरपुंज्यात जेवा, झोपा. संध्याकाळी जमलं तर भैरवगड बघा. रविवारी सकाळी सातला घनचक्कर, जमलं तर शेजारचा गवळदेव, दोनला खाली, अंधार पडायच्या आत संगमनेर पार. नाशिक नाही, सटाणा नाही, गाडीचे साडेतीनशे किलोमीटर वाचले.

घनचक्करला शिड्या नाहीत, रेलिंग नाही, भजीवाला नाही. एखादं गुराखी पोर भेटलं तर भेटलं. वाटा गुरांच्या आहेत, दहा फुटतात आणि नऊ कुठेच जात नाहीत. वाटाड्या शिरपुंज्यातून घ्याच. डिसेंबरात कमरेएवढं गवत असतं, वाळून पिवळं झालेलं. उतारावर आडवं झालेलं वाळकं गवत ओल्या दगडापेक्षा वाईट, बूट टेकला की निसटतो. जानेवारीनंतर त्याच गवतात वणवे लागतात, म्हणून काडी ओढायची नाही, शेकोटी करायची नाही, रात्री कितीही गारठा असो.

आग्यामाश्यांचंही एक. कड्याला काळी पोळी लटकलेली दिसली की खालून गप जायचं. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा काही नाही. गेल्या काही वर्षांत किल्ल्यांवर दोर-खिळ्यापेक्षा माशांनी जास्त पळवलंय लोकांना.

अडचण आलीच तर ११२. शिवाय महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा नंबर निघायच्या आधी फोनमध्ये घाला. ही सगळी स्वतःची कामं टाकून येणारी माणसं आहेत. त्यांना रात्री दोनला बोलवावं लागू नये इतपत तयारी आपली असावी. आणि घरी एकाला लेखी सांगून जा: कुठली वाट, किती जण, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची.

एक_मुंबईकर

अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले का नाही कोणी सुचवत? तेही तिथेच, विकांतात होतं. आम्ही रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडतो, कसाऱ्याहून जीप.

आजोबाडोंगर

कारण अलंग आणि मदनला दोर लागतो आणि दोर लावणारा माणूस लागतो. धागाकर्त्यांच्या चौघांत एकाचा पहिलाच हिवाळी ट्रेक आहे. कुलंग एकटा करता येतो, पण त्याचा चढ बघितलाय का? पुण्याहून रात्रभर गाडी चालवून कुलंग म्हणजे शिक्षा.

लोकलचं मात्र बरोबर. मुंबईकरांना गाडी चालवायची गरजच नाही. पुणेकरांचं तेवढं नशीब नाही.

राजूरकर

घनचक्करच्या सूचनेला आमच्या तालुक्याचं अनुमोदन. शिरपुंज्यात घरगुती जेवण सांगून ठेवता येतं. आधी फोन करा, ऐनवेळी आठ माणसांच्या भाकरी मागू नका.

जाता जाता, कळसूबाईवर निघालाच आहात तर 'थाळेमेळ' कुठे ते विचारून घ्या. कळसू नावाची मुलगी गावात कामाला होती. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही ही तिची अट. एकदा भांडी घासायला लावली, तर तिने ती तिथे घासली आणि डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. आमच्याकडे नवरात्रात जत्रा भरते, म्हाताऱ्या बायका अनवाणी चढतात, शिडी न धरता. तुमचे बूट बघून हसतात.

सावळी

भांडी घासायला लावली म्हणून डोंगरावर निघून गेली. देवीला माझा साष्टांग नमस्कार.

खडूस

आमच्या घरात हा प्रतिसाद वाचून दाखवण्यात आला आहे. आज भांडी माझ्याकडे.

चढउतार

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. घरी आणि ग्रुपवर बोललो. सुधारलेला बेत:

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला निघणार, दोघांनी अर्धी रजा टाकली आहे. दहापर्यंत राजूर किंवा भंडारदरा, तिथे खोली घेऊन झोप. सूर्योदयाचा हट्ट सोडला. शनिवारी साडेसहाला बारीतून चढाई, म्हणजे शिड्या उजेडात. मागे फिरायची वेळ साडेअकरा, मग कुठेही असू. दुपारी शिरपुंजे, झोप, भैरवगड जमला तर जमला. रविवारी वाटाड्या घेऊन घनचक्कर, गवळदेव ऐच्छिक. दोनला गाडीत. साल्हेर जानेवारीत, बसने, @बागलाणी यांच्या भरवशावर.

दोन शंका उरल्या. एक, साडेसहाला निघालो तर वर ऊन लागेल का? दोन, शिरपुंज्यात मोबाइलला रेंज असते का, कारण घरी 'किती वाजेपर्यंत फोन' हे ठरवायचं आहे.

गोदाकाठी

आता बेत माणसात आला. दहा वाजेपर्यंत ऊन सुखाचंच असतं, उतरताना टोपी लागेल. शनिवारी शिरपुंज्याला जाताना वाटेत राजूरला पेढे घ्या, तिथले प्रसिद्ध आहेत.

राजूरकर

गावात कुठल्या कंपनीची रेंज कधी असते याचा नेम नाही. भैरवगडाच्या वर बऱ्यापैकी येते, गावात भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. घरी सांगताना रविवारी दुपारी चार सांगा आणि फोन राजूरला आल्यावर करा. तिथे पक्की येते.

बागलाणी

जानेवारीचा कोणता विकांत? संक्रांतीच्या आठवड्यात आमच्याकडे पाहुणे असतात, तो सोडून सांगा. आणि प्रजासत्ताक दिनाचा तर मुळीच नको.